क्लचचे पेडल जड झाले? आधी दोष शोधा, मगच गिअरबॉक्स उतरवा

चोर्ला घाटाने बेळगावमार्गे आणि आंबोली घाटाने आजरा-गडहिंग्लजमार्गे जाणाऱ्या दोन्ही वाटा संकेश्वरला एकत्र येतात. तेथून पुणे-बेंगळुरू महामार्गावरील तवंदी घाट उतरला की निपाणी लागते. कोल्हापूरला अंबाबाईच्या दर्शनाला किंवा पुण्याला जाणाऱ्या गोमंतकीय मोटारींचा हा नेहमीचा रस्ता. गोव्यातील रोजच्या फेऱ्यांत न जाणवलेला क्लचचा दोष बहुधा याच प्रवासात उघड होतो. निपाणी सोडून परत निघताना तवंदी घाटाची चढण लागते. गळीत हंगामात तर उसाने भरलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांच्या मागे मैलोगणती पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रेंगाळावे लागते. अशा वेळी डावा पाय भरून येतो आणि पेडल पूर्वीपेक्षा जड झाल्याचे चालकाच्या ध्यानात येते.

गॅरेजमध्ये यावर पुष्कळदा एकच उत्तर मिळते: ‘क्लच गेला, सेट बदलावा लागेल.’ सेट बदलायचा म्हणजे गिअरबॉक्स खाली उतरवायचा. सुट्या भागांच्या किमतीइतकीच मजुरीही डोईजड होते. कधी हे निदान बरोबर असते. परंतु पेडल जड होण्याची अर्धीअधिक कारणे गिअरबॉक्सच्या बाहेर असतात. ती अल्प खर्चात दूर होतात आणि त्यांतील काही मालकाला स्वतःच ओळखता येतात. म्हणून तपासणी नेहमी पायाकडून सुरू करून इंजिनाकडे न्यावी. हा क्रम उलटा झाला, तर नवा क्लच बसवूनही पेडल जडच राहते.

पायाचे बळ जाते कोठे?

इंजिनाला जोडलेल्या फ्लायव्हीलवर क्लच प्लेट घट्ट दाबून धरण्याचे काम प्रेशर प्लेट करते. त्या दाबामुळे इंजिनाची शक्ती गिअरबॉक्सकडे जाते. हा दाब निर्माण करणारी स्प्रिंग म्हणजे बशीसारखी किंचित खोलगट पोलादी चकती. तिच्या मध्याकडे वळलेल्या पट्ट्यांना ‘फिंगर’ किंवा बोटे म्हणतात. पेडल दाबले की एक बेअरिंग पुढे सरकून ही बोटे दाबते, प्रेशर प्लेट मागे सरते आणि क्लच प्लेट मोकळी होते. या बेअरिंगला रिलीज बेअरिंग म्हणतात. त्याला ढकलणारा दुहेरी टोकाचा दांडा म्हणजे क्लच फोर्क.

पेडल आणि फोर्क यांना जोडण्याच्या दोन पद्धती आहेत. मारुती ८००, ओम्नी, ऑल्टो यांसारख्या लहान गाड्यांत सायकलच्या ब्रेकसारखी, पण जाड तारेची केबल असते. इनोव्हासारख्या मोठ्या गाड्यांत पेडलजवळ मास्टर सिलिंडर आणि गिअरबॉक्सजवळ स्लेव्ह सिलिंडर असतो. या दोहोंमध्ये नळीतून ब्रेक ऑइलचा दाब पोहोचतो. काही नव्या गाड्यांत स्लेव्ह सिलिंडर रिलीज बेअरिंगसह गिअरबॉक्सच्या तोंडाशीच बसवलेला असतो. त्यांत वेगळा फोर्क नसतो.

पाय कमी बळात मोठी स्प्रिंग दाबू शकतो, याचे कारण तरफ. उदाहरणादाखल, पेडलची तरफ पाचपट आणि फोर्कची दुप्पट धरली, तर पायाच्या १० किलो बळाचे बेअरिंगवर १०० किलो होतात. मात्र वाटेतील गंज, सुकलेले ग्रीस किंवा वाकलेली केबल यांनी निम्मे बळ खाल्ले, तर तेच काम करण्यास पायाला २० किलो जोर लावावा लागेल. स्प्रिंग होती तितकीच आहे; भार वाढला तो घर्षणाचा. जडपणाच्या शोधात पहिला प्रश्न म्हणूनच असा असतो: स्प्रिंग जड झाली, की वाट अडली?

‘जड’ म्हणजे नेमके काय?

तक्रार सांगताना शब्द अचूक असावेत. पेडल सर्वत्र सारखेच जड लागत असेल, तर तो खरा जडपणा. पेडल स्पंजासारखे मऊ लागून खोल जात असेल, तर हायड्रॉलिक यंत्रणेत हवा शिरलेली असते किंवा तेल गळत असते. तो वेगळा दोष आहे. पेडल दाबताना मध्येच अडकून करकरत पुढे जात असेल, तर केबलची तार किंवा एखादी बुश संशयास्पद ठरते. पेडल हलके असूनही रिव्हर्स गिअर टाकताना करकर होत असेल, तर क्लच पूर्ण सुटत नाही असे समजावे.

दुसरा प्रश्न काळाचा. पेडल दोन-तीन दिवसांत अचानक जड झाले असल्यास केबलचे धागे तुटू लागले असण्याची, फोर्क किंवा त्याचा आधार बिघडल्याची शक्यता अधिक. महिनोन् महिने हळूहळू जड होत गेले असल्यास गंज किंवा क्लच प्लेटची झीज यांचा विचार करावा. सकाळच्या पहिल्या काही दाबांतच जड आणि नंतर सैल होत असेल, तर ग्रीस सुकले असण्याचा संभव असतो. हळूहळू वाढलेला भार पायाच्या अंगवळणी पडतो, म्हणून त्याच मॉडेलची दुसरी गाडी मिळाल्यास दोन्हींची पेडले एकापाठोपाठ दाबून पाहावीत. अशी तुलना कोणत्याही वर्णनापेक्षा अधिक सांगून जाते.

पहिली पायरी: पायाखाली

गाडी सपाट जागी उभी करून, इंजिन बंद ठेवून, हँडब्रेक ओढून तपासणी सुरू करावी. वर टाकलेली जादा मॅट पेडलखाली दुमडली आहे का, एखादी पाण्याची बाटली मागे अडकली आहे का, हे आधी पाहावे. त्यानंतर पेडल ज्या खिळीवर फिरते ती खिळ आणि तिची बुश तपासावी. पावसाळ्यात ओल्या चपलांचे पाणी आणि रेती पेडलच्या परिसरात साचते. गोव्याच्या दमट, खाऱ्या हवेत तेथे गंज धरण्यास वेळ लागत नाही. पेडल हाताने डावी-उजवीकडे हलवल्यास ते फार डगमगू नये. सोडल्यावर ते झटकन वर यावे.

काही गाड्यांत पेडलला साहाय्यक स्प्रिंग असते. ठरावीक अंतरानंतर ती पायाला मदत करते. ती तुटली किंवा निखळली, तर बाकी सारे ठीक असूनही पेडल जड होते. शेकडो रुपयांच्या या भागाकडे दुर्लक्ष होऊन हजारोंचे काम निघू शकते.

दुसरी पायरी: केबल

केबलच्या गाडीत जडपणाचा सर्वाधिक संशयित भाग हाच. बाहेरच्या आवरणाला कोठे चीर पडली आहे का, केबल तीव्र कोनात वाकली आहे का, सायलेन्सरच्या तापणाऱ्या नळीजवळून जाऊन आवरण वितळले आहे का, हे बॉनेट उघडून पाहता येते. इंजिनाचे दुसरे काही काम झाल्यानंतर केबल चुकीच्या वाटेने परत बसवली गेली, तरी पेडल जड होते. ‘सर्व्हिसिंगनंतर जड झाले’ या तक्रारीत ही शक्यता प्रथम तपासावी.

केबलची तार अनेक बारीक धाग्यांची वळलेली असते. ती बहुधा टोकाशी, जेथे ती वारंवार वाकते तेथे, एकेक धागा करून तुटते. तुटलेली टोके आवरणाच्या आत घासतात. म्हणून पेडल आधी खरखरीत, मग जड होते आणि एके दिवशी थेट जमिनीला टेकते. टोकाशी एक जरी धागा उसवलेला दिसला, तरी घाटाचा प्रवास रद्द करून केबल बदलून घ्यावी. हा गाडीतील स्वस्त भागांपैकी एक आहे.

केबलमध्ये तेल सोडण्याचा उपाय सर्रास सुचवला जातो. जुन्या, साध्या आवरणाच्या केबलला त्याने काही दिवस आराम मिळतो. परंतु आतून प्लास्टिकचे अस्तर असलेल्या केबलमध्ये तेल धूळ धरून ठेवते आणि घर्षण उलट वाढते. गंजलेली केबल तेलाने बरी होत नाही. ती बदलावीच लागते.

केबलची मोकळी चाल, म्हणजे प्रतिकार जाणवण्यापूर्वी पेडल जितके सहज जाते ते अंतर, गाडीच्या पुस्तिकेत दिलेले असते. जुन्या लहान गाड्यांत ते साधारण १५ ते २५ मिलिमीटर असते. आपोआप जुळणाऱ्या यंत्रणेत ते निराळे असू शकते. ही चाल अजिबात न ठेवता केबल ताणून बांधली, तर रिलीज बेअरिंग सतत बोटांना टेकून राहते. मग बेअरिंग झिजते आणि क्लच घसरू लागतो. जडपणावर ‘केबल टाइट करून देतो’ हे उत्तर म्हणूनच स्वीकारू नये.

तिसरी पायरी: हायड्रॉलिक यंत्रणा

तेलावर चालणाऱ्या क्लचमध्ये तेल कमी झाल्याने पेडल जड होत नाही, मऊ होते. जडपणाची कारणे वेगळी: सिलिंडरमधील रबरी सील फुगणे, आतील भिंतीला गंज चढणे किंवा रबरी नळी आतून सुजून तेलाची वाट अरुंद होणे. पेडल दाबताना जड आणि सोडल्यावर परत येण्यास संथ असेल, तर नळी आणि सील यांवर लक्ष द्यावे.

ब्रेक ऑइल हवेतील पाणी शोषून घेते. दमट प्रदेशात ते लवकर खराब होते आणि त्यातील पाण्याने सिलिंडर आतून गंजतात. तेल काळपट, गढूळ झाले असेल, तर ते बदलण्याची वेळ झाली आहे. झाकणावर लिहिलेल्या प्रतीचेच, म्हणजे डॉट ३ किंवा डॉट ४, तेल वापरावे. चुकून इंजिन ऑइल किंवा पॉवर स्टिअरिंगचे तेल ओतले गेले, तर रबरी सील फुगतात. अनेक गाड्यांत ब्रेक आणि क्लच यांची तेलाची टाकी एकच असते. तेथे झालेली चूक क्लचपुरती मर्यादित राहत नाही, ब्रेकही धोक्यात येतात. अशी चूक झाल्यास गाडी सुरू न करता टो करून न्यावी.

चौथी पायरी: बाहेर की आत?

आता निर्णायक कसोटी. केबलच्या गाडीत मेकॅनिककडून केबलचे गिअरबॉक्सकडील टोक सोडवून घ्यावे. नंतर तीन गोष्टी स्वतः पाहाव्यात. पहिली, पेडल आता अगदी हलके लागते का? दुसरी, केबलची तार आवरणात हाताने मागेपुढे सहज सरकते का? तिसरी, फोर्कचा बाहेर आलेला दांडा त्याच्या मोकळ्या चालीत अडखळल्याविना हलतो का?

पेडल किंवा तार अडखळत असेल, तर दोष बाहेर आहे आणि गिअरबॉक्स उतरवण्याचे कारण नाही. दोन्ही सुरळीत असूनही केबल जोडताच पेडल जड होत असेल, तर दोष आत आहे. दांडा अडखळत असेल, तर फोर्कच्या दांडीच्या बुश सुकल्या किंवा गंजल्या असण्याचा संभव आहे. मोठ्या पुराच्या पाण्यातून गेलेल्या किंवा दीर्घकाळ उभ्या असलेल्या गाड्यांत हा दोष आढळतो.

हायड्रॉलिक गाडीत स्लेव्ह सिलिंडर बाहेर असेल, तर तो सोडवून फोर्क तपासता येतो. मात्र सुटलेल्या सिलिंडरवर कोणीही पेडल दाबू नये. आतील पिस्टन बाहेर उडतो आणि तेल सांडते. सिलिंडर आत असलेल्या गाडीत ही कसोटी शक्य नसते. तेथे नळी, तेल आणि मास्टर सिलिंडर तपासून झाल्यावरच आतल्या भागांकडे वळावे.

झिजलेली प्लेट पेडल जड का करते?

प्लेट झिजून पातळ झाली, तर पेडल हलके व्हायला हवे, असा सर्वसाधारण समज असतो. प्रत्यक्षात उलट घडते. नवी प्लेट असताना बशीसारखी स्प्रिंग जवळपास सपाट अवस्थेत दाबलेली असते. प्लेट पातळ होत गेली, की प्रेशर प्लेट फ्लायव्हीलच्या दिशेने सरकते आणि स्प्रिंगची बोटे गिअरबॉक्सकडे झुकतात. या प्रकारच्या स्प्रिंगचा गुणधर्म असा, की सपाट अवस्थेपासून काही अंतर मागे गेल्यावर तिचा जोर कमी न होता आधी वाढतो. तो वाढलेला जोर पायाला जाणवतो. झीज आणखी पुढे गेल्यावर मात्र पकड सुटू लागते आणि क्लच घसरतो.

म्हणजेच हळूहळू वाढलेला जडपणा ही पुष्कळदा क्लच घसरण्यापूर्वीची सूचना असते. बाहेरचे सारे भाग निर्दोष ठरले आणि गाडीचे बरेच किलोमीटर झाले असतील, तर प्लेटचे आयुष्य संपत आले आहे, असे मानण्यास आधार मिळतो. खात्रीसाठी मोकळ्या, सपाट रस्त्यावर वरच्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर जोराने दाबावा. इंजिनाचा आवाज चढला, पण वेग त्या प्रमाणात वाढला नाही, तर क्लच घसरत आहे. चढणीवर येणारा जळका वास हीदेखील तीच खूण.

आवाजही साक्ष देतो. गाडी न्यूट्रलमध्ये उभी असताना पेडल दाबल्यावर घरघर सुरू होत असेल, तर रिलीज बेअरिंग संशयित. उलट पेडल सोडल्यावर आवाज येऊन दाबल्यावर थांबत असेल, तर दोष गिअरबॉक्सच्या बेअरिंगचा असू शकतो. तो क्लच बदलून जाणार नाही.

गिअरबॉक्स उतरवायचाच असेल, तर

सुरू करण्यापूर्वी मेकॅनिककडे वरील कसोटीचा निकाल मागावा. काम ठरल्यास प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग हे तिन्ही भाग एकत्र बदलावेत. एकट्या प्लेटसाठी मजुरी देऊन सहा महिन्यांनी बेअरिंगसाठी तीच मजुरी पुन्हा देणे परवडत नाही. फोर्क, त्याचा आधार, बुश आणि इंजिनाचे मागचे ऑइल सील याच वेळी पाहून घ्यावे. बेअरिंग ज्या नळीवर सरकते तिला ग्रीस लावावे, पण ते बेतानेच. जादा ग्रीस प्लेटवर उडाले, तर नवा क्लचही घसरतो. काढलेले जुने भाग परत मागून घ्यावेत. झिजलेली प्लेट आणि बोटांवर बेअरिंगने पाडलेली खाच साध्या डोळ्यांनाही दिसते.

नवा सेट बसवूनही पेडल जड असेल, तर तीन शक्यता उरतात: जुनी केबल तशीच राहिली, फोर्कच्या बुशकडे दुर्लक्ष झाले किंवा त्या इंजिनासाठी नसलेली प्रेशर प्लेट बसवली गेली. एकाच मॉडेलच्या पेट्रोल आणि डिझेल गाड्यांचे सेट वेगळे असू शकतात. म्हणून खोक्यावरील क्रमांक पुस्तिकेतील किंवा कंपनीच्या यादीतील क्रमांकाशी ताडून पाहावा.

घाटात केबल तुटली, तर

जड पेडल घेऊन निपाणीच्या वाटेला लागणे टाळावे. परंतु वेळ आलीच, तर डोके शांत ठेवावे. पेडल अचानक जमिनीला टेकले, की ॲक्सिलरेटर सोडून गिअर न्यूट्रलमध्ये ओढावा आणि ब्रेकने गाडी रस्त्याच्या डाव्या कडेला घ्यावी. इंजिन बंद करू नये. ते बंद झाल्यास काही वेळातच ब्रेक जड होतो. गाडी थांबल्यावर हँडब्रेक लावावा, चाकाखाली दगड ठेवावा, चारही इंडिकेटर चालू करावेत आणि त्रिकोणी फलक बऱ्याच अंतरावर मागे उभा करावा. प्रवाशांना गाडीत न बसवता रस्त्यापासून दूर उभे करावे. राष्ट्रीय महामार्गावर १०३३ आणि कोठेही ११२ या क्रमांकावर मदत मागता येते.

इंजिन बंद करून पहिला गिअर टाकून स्टार्टरने गाडी हलवण्याची जुनी युक्ती केवळ धोक्याच्या वळणावरून काही मीटर पुढे सरकण्यापुरती ठीक. पेडल दाबल्याखेरीज स्टार्टर न फिरणाऱ्या गाड्यांत ती चालत नाही. या अवस्थेत घाट चढणे किंवा उतरणे मात्र सर्वथा टाळावे.

निपाणीत अडकल्यास उत्तरेला सुमारे ४० किलोमीटरवर कोल्हापूर आणि दक्षिणेला सुमारे ७५ किलोमीटरवर बेळगाव आहे. कोल्हापूरचे उद्यमनगर आणि बेळगावचे उद्यमबाग ही यंत्रकामाची जुनी केंद्रे आहेत. नेहमीच्या गाडीची केबल मिळणे या पट्ट्यात कठीण नाही. तरीही जुन्या किंवा विरळ मॉडेलच्या मालकाने एक नवी केबल डिकीत बाळगणे शहाणपणाचे.

भार वाढू नये म्हणून

चालत्या गाडीत डावा पाय पेडलवर टेकवून ठेवू नये. चढणीवर ट्रॅक्टरमागे थांबल्यास अर्ध्या क्लचवर गाडी तोलण्याऐवजी हँडब्रेक वापरावा. कोगनोळीच्या टोलनाक्यासारख्या रांगेत पेडल दाबून उभे न राहता न्यूट्रल करावे. पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर केबलची टोके किंवा क्लचचे तेल एकदा पाहून घ्यावे. पेडल जड वाटले की त्या दिवसाची तारीख आणि किलोमीटर टिपून ठेवावेत. मेकॅनिकसमोर ‘कधीपासून?’ या प्रश्नाचे नेमके उत्तर देता आले, तर निम्मे निदान तेथेच होते.